फोटो वर चढवले म्हणून पीसीवरनं उडवू नका

प्रश्न थोडक्यात असा आलाय: घरच्या पीसीवर २००६ पासूनचे सगळे फोटो आहेत, मिळून ३८० जीबी. निम्म्याहून जास्त वडिलांनी काढलेले, आणि वडील आता नाहीत. डिस्क भरत आलीय, घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ, पावसाळा तोंडावर आलाय. सगळे फोटो गुगलवर टाकून पीसीवरनं डिलीट केले तर चालेल का, आणि कुठला प्लॅन घ्यावा?

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागनं. वर टाका, नक्की टाका, पण पीसीवरनं डिलीट करू नका. डिलीट केलं की परत एकच कॉपी उरली, फक्त तिची जागा बदलली. आज ती कुंभार गल्लीत आहे, उद्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल, पण एकच. डिस्कवर जागा करायची हे एक काम आणि बॅकअप हे दुसरं काम, आणि लोक दोन्ही एकदम उरकायला जातात तिथंच गाडी अडकते. जागाच पाहिजे असेल तर पीसीत मोठी डिस्क टाका, २ टीबीची साधी डिस्क आणि फोटो तिच्यावर हलवा, तो खर्च वाया जात नाही.

राजारामपुरीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, वीस वर्षं झाली हेच करतोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली. पाणी ओसरल्यावर दुकानात रांग लागली, लोक पोत्यातनं, बादलीतनं सीपीयू घेऊन यायचे. त्यातला एक माणूस अजून डोळ्यासमोर आहे. त्यानं बॅकअप घेतलेला, अगदी शहाण्यासारखा एक्स्टर्नल डिस्कवर घेतलेला. पण पीसी टेबलाखाली आणि एक्स्टर्नल डिस्क त्याच खोलीत लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. दोन्ही पाण्यात. पाणी गेल्यावर त्यानं एक्स्टर्नल डिस्क नळाखाली धुतली, गच्चीवर दोन दिवस उन्हात वाळवली आणि मग लॅपटॉपला लावली. दोन मिनिटं करकर आवाज आला म्हणाला, मग बंद.

त्या डिस्कचं झाकण मी त्याच्यासमोरच उघडलं. हार्डडिस्कच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं बघा, आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून, शेजारी छापलेलं पण असतं की हे झाकू नका. पुराचं पाणी तिथनं आत गेलेलं. आतली तबकडी एरवी आरशासारखी असते, तोंड दिसतं तिच्यात. हिच्यावर चहाच्या भांड्याच्या तळाला बसतो तसला तपकिरी थर, आणि त्या थरात एक गोल ओरखडा, वाटीच्या कडेनं ओढल्यासारखा. डिस्कचं डेटा वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटीनं कमी अंतर, तिथं गाळाचा एक कण म्हणजे रस्त्यावर धोंडा. डिस्क फिरवली आणि त्या कणांनी वरचा थर खरवडून काढला. त्या थरातच डेटा असतो. पोरीच्या बारशाचे फोटो होते त्यात. डिस्क न लावता तशीच ओली आणली असती तर लॅबला पाठवून बरंच काही मिळालं असतं, असं मला आजही वाटतं.

म्हणून हे लक्षात ठेवा, तुमच्या भागात तर नक्कीच: डिस्क पाण्यात गेली तर चालू करून बघू नका, उन्हात ठेवू नका, ड्रायर मारू नका, तांदळात पुरू नका. वाळलं की गाळ चिकटून बसतो. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायची आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा काही जणांनी तसं आणलं, त्यांचं काम झालं.

आता क्लाउडकडे येऊ, म्हणजे गुगलसारख्या कंपनीच्या सर्व्हरवरची जागा. क्लाउड यासाठीच पाहिजे की तो कुंभार गल्लीत नाही. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं एक नियम रूढ केला, ३-२-१ म्हणतात त्याला: कॉपी तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्या बाबतीत पीसी एक, एक्स्टर्नल डिस्क दोन, क्लाउड तीन. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ लोकांना वाटतं क्लाउड घेतला म्हणजे बाकीचं सोडून दिलं तरी चालतं. चालत नाही, आणि त्याचं कारण म्हणजे सिंक.

सिंक आणि बॅकअप हे दोन शब्द ॲपवाले एकाच जागी वापरतात त्यामुळं घोळ होतो. सिंक म्हणजे एका जुवाखालची बैलजोडी, एक खड्ड्यात गेला की दुसऱ्याला घेऊन जातोय. इकडं डिलीट केलं की तिकडनं पण गेलं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पोरानं मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून गॅलरीतनं चार वर्षांचे फोटो काढून टाकले, वर आहेत की सगळे, असं म्हणून. वरचेपण गेले. घरच्यांच्या लक्षात आलं दिवाळीला, तोवर कचरापेटीची मुदत संपलेली. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, गुगल ड्राइव्हमध्ये ३० दिवस, आयक्लाउड फोटोजमध्ये ३० दिवस, घरगुती वनड्राइव्हमध्येही ३० दिवस. त्यानंतर कुणाच्या पाया पडून उपयोग नाही. आणि व्हायरस. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस, ओढवून घेतलेले पीसी मी लई बघितलेत, प्रत्येक फोटोच्या नावामागं एक नवीन शेपूट लागतं आणि फोटो उघडत नाही. सिंक चालू असलं तर त्या बिघडलेल्या फायलीच इमानदारीनं वर जातात आणि चांगल्या फोटोंची जागा घेतात. ड्राइव्हवर जुनी आवृत्ती ३० दिवस मिळते हे खरं, पण हजारो फायली एकेक करून मागं न्यायला कुणाला वेळ आहे.

म्हणजे आपल्याला पाहिजे एकतर्फी रस्ता. पीसीवरनं वर जावं, पण पीसीवर काय उडालं तर वरचं उडू नये.

गुगलचं ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप नावाचं ॲप पीसीवर टाकलं की फोल्डर निवडताना ते दोन गोष्टी विचारतं, ड्राइव्हला सिंक करायचं का, की गुगल फोटोजला बॅकअप घ्यायचा. इथं घाई करू नका, दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. फोटोजवाला पर्याय एकतर्फी आहे, पीसीवरनं फाईल काढली तरी वर राहते. पण तुमचे फोल्डर तो विसरून जातो. वडिलांनी 'जोतिबा चैत्र यात्रा २००९' असा फोल्डर केला असेल तर वर तो फोल्डर दिसणार नाही, सगळे फोटो तारखेप्रमाणे एका ढिगात. ड्राइव्हवाला पर्याय फोल्डर जसेच्या तसे ठेवतो, पण तो सिंक आहे, वरती सांगितलेली बैलजोडी. दोन्ही चालू केले तर फोल्डर पण राहतील आणि मोबाईलवर बघायची सोय पण होईल, पण जागा दोनदा मोजली जाते.

मी स्वतःच्या घरी आणि ज्यांना थोडं समजून घ्यायची तयारी आहे त्यांच्याकडं आरक्लोन (rclone) नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ड्राइव्ह, वनड्राइव्ह, बॅकब्लेझ बी२ असल्या बहुतेक सगळ्या क्लाउड सेवांशी बोलतं. दिसायला काळी खिडकी, कमांड टाइप करावी लागते, पण एकदाच, मग विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावून द्यायचं, ठरल्या वेळी आपोआप चालतं. त्यात कॉपी आणि सिंक अशा दोन वेगळ्या कमांड आहेत. कॉपी कधीही वरचं काही डिलीट करत नाही. सिंक मात्र वरचं खालच्यासारखं करून टाकतं, रिकाम्या फोल्डरवर चुकून चालवलं तर वरचं सगळं साफ. म्हणून घरच्या फोटोंना फक्त कॉपी, आणि तिच्यासोबत इम्यूटेबल नावाचा एक पर्याय आहे तो लावा. एकदा वर गेलेली फाईल खाली बदललेली दिसली तर तो वरच्या फाईलला हात न लावता एरर देतो. फोटो काही दर आठवड्याला बदलायची वस्तू नाही, त्यामुळं एरर आली म्हणजेच काहीतरी गडबड आहे.

हे जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, ड्राइव्हच्या वेबसाइटवर ब्राउझरमधनं वर्षाचा एकेक फोल्डर ओढून टाकला तरी एकतर्फीच होतं. लाइट गेली की अर्धवट राहतं एवढाच त्रास, आणि कुठला फोल्डर झाला ते वहीत लिहून ठेवायचं.

पण वर पाठवायच्या आधी घर आवरायला लागतंय. ३८० जीबी तुमचे खरे ३८० नसणार. मेमरी कार्ड रिकामं करताना तेच फोटो तीनतीनदा कॉपी झालेले असतात, आमच्याकडं एका घरचे ४२० जीबी आवरून २६० झाले. डुपगुरू (dupeGuru) किंवा च्काफ्का (Czkawka) नावाची फुकट सॉफ्टवेअर आहेत, ती फाईलच्या आतला मजकूर ताडून एकसारख्या फायली दाखवतात. नाव बघून डिलीट करू नका हे हात जोडून सांगतो. डिजिटल कॅमेरा फोटोला नंबर देतो ०००१ पासनं ९९९९ पर्यंत आणि मग परत ०००१. म्हणजे २००७ चा ०१२३ आणि २०१० चा ०१२३ दोन्ही एकाच नावाचे, फोटो वेगळे. लोक दोन फोल्डर एकत्र करतात, विंडोज विचारतं बदलू का, हे म्हणतात हो, आणि जुना फोटो कायमचा गेला. असं किती घरांत झालंय याचा पत्तासुद्धा लागत नाही, कारण जो फोटो गेला त्याची आठवण कुणाला असते. आवरायला बसायच्या आधी सगळं आहे तसं एका एक्स्टर्नल डिस्कवर उतरवा, मगच हात लावा.

दुसरं तारखेचं. प्रत्येक फोटोच्या पोटात एक्सिफ नावाची माहिती असते, कुठल्या दिवशी किती वाजता काढला वगैरे. जुन्या कॅमेऱ्याचा सेल काढला की घड्याळ मागं जायचं, आणि वडील काही दर वेळी तारीख लावत बसले नसणार. तुमच्याकडं एका जानेवारीच्या एक तारखेला काढलेले शेकडो फोटो सापडतील, त्यात लग्न पण असेल आणि रंकाळ्यावरची भेळ पण. वर तारखेप्रमाणे लागतात त्यामुळं हे सगळं भलत्याच वर्षात जाऊन बसतं. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे, अख्ख्या फोल्डरची तारीख एकदम पुढं मागं सरकवतं. त्या फोल्डरमधल्या एका फोटोची खरी तारीख तुम्हाला आठवली, म्हणजे बारसं, मुंज, पहिला शाळेचा दिवस काहीही, की बाकीचे त्या हिशोबानं जागेवर येतात. हे वर पाठवायच्या आधीच करा. आईला शेजारी बसवा हे करताना, तारखा तिलाच आठवतील.

व्हॉट्सॲपवरनं आलेले फोटो वेगळ्या फोल्डरात. त्यातली एक्सिफ माहिती निघून गेलेली असते आणि साइज पण कमी केलेली, त्यामुळं मूळ कॅमेऱ्यातला फोटो आणि व्हॉट्सॲपचा फोटो दोन्ही असतील तर मूळ ठेवा. सुप्रभातचे फोटो उडवले तरी चालतील. आणि फोटोंच्या फोल्डरात आधार, पॅन, सातबारा यांचे स्कॅन पडलेले असतात ते बाजूला काढा, ते उघडे वर टाकू नका, क्रिप्टोमेटर नावाच्या सॉफ्टवेअरनं कुलूप लावून मगच.

प्लॅनचं. गुगलची फुकट जागा १५ जीबी, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. १ जून २०२१ च्या आधी फोटोजला फुकट अमर्याद जागा होती, ती गेली, अजून लोक त्याच भरवशावर आहेत. विकतचा १०० जीबीचा प्लॅन महिना १३० च्या आसपास, २०० जीबीचा २१० च्या आसपास, २ टीबीचा ६५० च्या आसपास, वर्षाचे एकदम भरले तर स्वस्त पडतं. तुमचं आवरून २०० च्या आत आलं तर उत्तम, पण मी म्हणेन २ टीबी घ्या आणि घरातल्या लोकांत वाटून घ्या, फॅमिली शेअरिंगमध्ये तुम्ही धरून सहा जण बसतात. 'स्टोरेज सेव्हर' नावाच्या क्वालिटीला मोहून जाऊ नका, तो १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटो लहान करतो आणि व्हिडिओ १०८० वर आणतो. मोबाईलच्या रोजच्या फोटोंना ठीक, वडिलांच्या फोटोंना ओरिजिनलच. पैसे भरायचे राहिले तर लगेच काही उडवत नाहीत, पण नवीन फोटो जाणं थांबतं आणि जीमेलला मेल यायचं पण थांबतं, आणि दोन वर्षं जागेच्या वर राहिलात तर उडवायचा अधिकार त्यांनी ठेवलाय. खात्यात दोन वर्षं कुणी लॉगिनच केलं नाही तरी तेच.

इथं वडिलांचं खातं आठवलं. त्यांच्या मोबाईलमधले फोटो त्यांच्याच खात्यावर गेलेले असतील तर ते आधी उतरवा, हे सगळ्यात आधी करा. पासवर्ड कुणाला माहीत असेल किंवा त्यांचा फोन अजून चालू असेल तर गुगलच्या टेकआउट नावाच्या सोयीतनं खात्यातलं सगळं डाउनलोड होतं. झिप फायलींचे तुकडे येतात, साइज ५० जीबी निवडा म्हणजे तुकडे कमी होतात, आणि लिंक आठवडाभरच चालते. त्यात प्रत्येक फोटोशेजारी जेसन नावाची छोटी फाईल दिसेल. कचरा समजून ती फेकू नका, तुम्ही ॲपमध्ये बदललेली तारीख, लिहिलेलं वर्णन त्या फाईलमध्ये असतं. त्यांचं सिमकार्ड बंद करू नका, ओटीपी त्यावरच येणार.

तुमच्या स्वतःच्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक खात्री, आणि गुगल दहा बॅकअप कोड देतं ते कागदावर छापून सोन्याच्या पावत्यांसोबत ठेवा. फोन पाण्यात गेला तर तोच कागद कामाला येतो.

वेळ किती लागेल तेही विचारा तुमच्या केबलवाल्याला. प्लॅन १०० एमबीपीएसचा असला तरी अपलोड किती ते वेगळं विचारा. २० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर ३८० जीबीला साधारण ४२ तास, १० मिळत असेल तर साडेतीन दिवस, मधे लाइट गेली तर अजून. लोक एमबीपीएसला एमबी समजतात, पण ते मेगाबिट असतात, आठनं भागायचं असतं. पीसीची स्लीप बंद ठेवा, राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि रात्री चालवा. पहिला लोड जड, नंतर महिन्याला चारपाच जीबी, कळतसुद्धा नाही.

आणि सगळं वर गेलं असा मेसेज आला म्हणून विश्वास ठेवू नका. मी कुणाकडंही काम केलं की शेवटचा अर्धा तास याला ठेवतो. खालच्या फोल्डरात फायली किती आणि वर किती, आकडा जुळतो का बघायचं, आरक्लोन असेल तर त्यात चेक म्हणून कमांड आहे ती प्रत्येक फाईल आतनं ताडून बघते. मग दुसऱ्याच कुणाच्या लॅपटॉपवर लॉगिन करून चार फोटो आणि एक मोठा व्हिडिओ खाली उतरवायचा, उघडून बघायचा, व्हिडिओ शेवटपर्यंत पळवायचा. २०१७ मध्ये मी एका घरी हे केलं नव्हतं, घाईत होतो. सहा महिन्यांनी कळलं की फोल्डरच्या नावातल्या एका विचित्र चिन्हामुळं दोन फोल्डर वर गेलेच नव्हते. नशिबानं पीसी शाबूत होता. तेव्हापासनं हा अर्धा तास मी कधी सोडलेला नाही.

एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी घ्यायला फ्रीफाईलसिंक नावाचं सॉफ्टवेअर वापरा, त्यात 'अपडेट' मोड निवडा, 'मिरर' नको, मिरर खालचं उडालं की तिकडचं पण उडवतं. काम झालं की डिस्क काढून ठेवा, लावलेली सोडू नका, आणि त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात तर अजिबात नको. विद्यापीठाच्या बाजूला, माळावर तुमचं कुणी राहत असेल तर त्यांच्याकडं ठेवा, वर्षातनं दोनदा आणून भरायची. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा असं आमच्या घरी ठरलेलं आहे.

अजून एक, वडिलांच्या कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या स्टुडिओतनं आलेल्या सीडी डीव्हीडी असतील, घरी राईट केलेल्या पण असतील. त्या तुमच्या ३८० जीबीत धरलेल्या नसणार. राईट केलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षांनी फिका पडतो आणि मग मधेच वाचायची बंद होते. त्या आधी काढा. पीसीला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवाला डीव्हीडी रायटर माझ्या दुकानात आहे, चार दिवस घेऊन जा. एखादी सीडी अडकत असेल तर मऊ फडक्यानं मधनं बाहेर सरळ पुसा, गोल नको, आणि तरीही नाही वाचली तर फेकू नका, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा वाचते, माझ्याकडं तीन वेगवेगळे आहेत.